‘डिप्लोमॅटिक कुरियर’ (१९५२): बोगदा, थैली आणि घड्याळ

हेन्री हॅथवेचा ‘डिप्लोमॅटिक कुरियर’ हा कृष्णधवल हेरपट आज कुणाच्या फारसा खिजगणतीत नाही. टायरोन पॉवर म्हटलं की लोकांना त्याची तलवारबाजी आठवते. शीतयुद्धातल्या हेरपटांची चर्चा व्हिएन्ना आणि बर्लिन सोडून पुढे सरकत नाही. ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग ते एड्रियाटिक समुद्रावरचं त्रिएस्त असा ९७ मिनिटांचा हा खटाटोप त्या गडबडीत राहून जातो. पटकथा काही ठिकाणी लंगडते, हे मान्य. पण परराष्ट्र खात्याचं टपाल एका देशातून दुसऱ्या देशात नेणारा माणूस नायक असलेले चित्रपट मोजकेच आहेत, आणि त्या कामाभोवतीचं जग इथे बरंचसं खरं आहे. रेल्वेचे मार्ग खरे, परक्या फौजांच्या ताब्यातली शहरं खरी, तारेनं आलेला मजकूर छापणाऱ्या टेलिप्रिंटरची खडखडही खरी. खोटं आहे ते मुख्यतः नायकाचं वागणं. खाली रहस्यं फोडलेली आहेत, तेव्हा ज्यांना कोरा चित्रपट बघायचा असेल त्यांनी आधी तो बघून यावं.

कथा थोडक्यात अशी. माइक केल्स (पॉवर) हा अमेरिकी परराष्ट्र खात्याचा कुरियर. लोखंडी पडद्यापलीकडून, म्हणजे सोव्हिएत गटातल्या देशांतून येणाऱ्या सॅम केर्यू या जुन्या मित्राकडून साल्झबुर्ग स्टेशनवर एक कागद घ्यायचा आणि पुढे पोचवायचा, एवढंच त्याचं काम. केर्यू स्टेशनवर ओळखच दाखवत नाही. केल्स त्याच्यामागे गाडीत चढतो. वाटेत केर्यूचा खून होतो, प्रेत बोगद्यात रुळांवर पडतं आणि कागदाचा पत्ता लागत नाही. लष्करी गुप्तचर विभागातला कर्नल केगल (स्टीफन मॅकनॅली) केल्सला आमिष म्हणून त्रिएस्तला धाडतो. मदतीला सार्जंट गेलवाडा (कार्ल माल्डन). तिथे दोन बायका आहेत: गाडीत केर्यूबरोबर दिसलेली यानीन (हिल्डेगार्ड क्नेफ) आणि विमानात गाठ पडलेली जोन रॉस (पॅट्रिशिया नील). जिच्यावर संशय घ्यावा असं चित्रपट सुचवत राहतो ती भरवशाची निघते आणि हसतखेळत गळ्यात पडणारी सोव्हिएत हेर असते. ज्या कागदासाठी ही सगळी धावाधाव, त्यात सोव्हिएत फौजांनी युगोस्लाव्हियावर चाल करून जाण्याचा बेत असतो.

मूळ कादंबरी पीटर चेनीची, १९४५ची. ती युद्धकाळातल्या लंडनमध्ये घडते आणि तिच्यातले शत्रू जर्मन आहेत. केसी रॉबिन्सन आणि लियम ओब्रायन या पटकथाकारांनी पात्रांची नावं तीच राखली आणि बाकी घर जवळजवळ पाडून नवं बांधलं. चेनीचा गेलवाडा बेल्जियन होता, इथे तो अमेरिकी सार्जंट झाला. या नव्या बांधकामातला सगळ्यात भक्कम भाग, म्हणजे बोगद्यातला खून, त्या दोन वर्षांतल्या वर्तमानपत्रांशी फारच जुळतो.

२३ फेब्रुवारी १९५० रोजी साल्झबुर्गच्या दक्षिणेला पास लुएग या खिंडीजवळच्या रेल्वे बोगद्यात कॅप्टन यूजीन कार्प यांचा मृतदेह सापडला. कार्प बुखारेस्टच्या अमेरिकी वकिलातीत नौदलाचे प्रतिनिधी होते आणि आर्लबर्ग-ओरिएंट एक्स्प्रेसनं पश्चिमेकडे निघाले होते. त्यांचे मित्र रॉबर्ट व्होगेलर या अमेरिकी उद्योग अधिकाऱ्याला हंगेरीत नोव्हेंबर १९४९मध्ये अटक झाली होती. बुडापेस्टमधल्या दिखाऊ खटल्यात २१ फेब्रुवारीला, म्हणजे कार्प यांचं प्रेत सापडण्याच्या दोनच दिवस आधी, व्होगेलर यांना हेरगिरीबद्दल १५ वर्षांची शिक्षा सुनावली गेली होती. व्होगेलर एप्रिल १९५१मध्ये सुटले. कार्प पडले, त्यांनी उडी मारली की त्यांना ढकललं, यावर एकमत कधीच झालं नाही. १९५२चा प्रेक्षक तिकीट काढून आत बसला तेव्हा ही बातमी त्याच्या डोक्यात ताजी असणार. आज ती माहीत नसेल तर बोगद्याचा प्रसंग नुसती चित्रपटी करामत वाटतो.

भूगोलही इथे फार चोख जुळतो. साल्झबुर्गहून दक्षिणेला निघालेली गाडी गोलिंग ओलांडून पास लुएगच्या चिंचोळ्या घळीतून बिशोफ्सहोफेनला आणि पुढे श्वार्त्साख-सांक्ट वाइटला जाते. हा १८७५चा जुना मार्ग. श्वार्त्साखला फाटा फुटतो. पश्चिमेला इन्सब्रुक, आर्लबर्ग, झ्युरिक, पॅरिस. कार्प यांची गाडी त्या वाटेनं जाणार होती. दक्षिणेला टाउअर्न पर्वताखालचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा आणि पलीकडे फिलाख. त्रिएस्तला जायचं तर ही वाट. म्हणजे साल्झबुर्गहून त्रिएस्तकडे जाणारा काल्पनिक केर्यू आणि पॅरिसकडे निघालेले खरे कार्प यांचा पहिला टप्पा एकच, आणि पास लुएगचे बोगदेही तेच. टाउअर्न मार्ग १९०९मध्ये पूर्ण झाला तो मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याला त्रिएस्त बंदराकडे जाणारी दुसरी लोहवाट हवी होती म्हणून. फिलाखच्या पुढचा जुना सरळ रस्ता येसेनित्से आणि बोहिंयच्या डोंगरांतून जात होता, पण त्याचा वरचा भाग पहिल्या महायुद्धानंतर आणि उरलेला बहुतेक भाग १९४७च्या तहानंतर युगोस्लाव्हियात गेला. पाश्चात्त्य कागदपत्रं घेऊन जाणाऱ्या माणसाला त्यानंतर तारवीझियो आणि उदिने असा इटलीतला वळसा बरा. वेळ जास्त जातो, पण कम्युनिस्ट सरहद्द लागत नाही.

मारेकऱ्याला बोगदाच का लागतो, याचं उत्तर ‘अंधार’ असं दिलं जातं. ते अर्धंच आहे. त्या काळच्या एक्स्प्रेस डब्यांत एका अंगाला अरुंद बोळ आणि दुसऱ्या अंगाला बंद कक्ष असत. टोकाची दारं हातानं उघडणारी, गाडी चालू असताना ती आपोआप बंद ठेवणारी यंत्रणा नाही. बोगद्यात आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होतो, खिडक्या बंद असतात, बोळात रेंगाळणारे लोक आत जाऊन बसतात. बाहेर शेतात, फाटकावर किंवा स्टेशनच्या फलाटावर बघणारं कुणी नसतं. पण खरा फायदा नंतरचा. धावत्या गाडीतून पडलेल्या आणि बोगद्याच्या भिंतीला घासलेल्या देहावर आधीच्या मारहाणीच्या खुणा वेगळ्या काढणं वैद्यकीय तपासणीला फार जड जातं. म्हणूनच अशा मृत्यूला ‘अपघात’ म्हणता येतं आणि ‘खून’ म्हणणाऱ्याला ते सिद्ध करता येत नाही.

तोटा असा की मुख्य मार्गावरचा बोगदा ही प्रेत लपवायची जागा नव्हे. रुळांची तपासणी करणारे कामगार ठरावीक पाळीनं तिथून चालत जातात. प्रेत काही तासांत सापडतं आणि एकदा सापडलं की वेळापत्रक उघडून ते कोणत्या गाडीतून पडलं हे लगेच काढता येतं. गाडी पुढच्या सरहद्दीवर पोचायच्या आत तार गेली तर सगळे प्रवासी डब्यात सापडतात. मारेकऱ्यानं त्याआधीच्या थांब्यावर उतरायलाच हवं. चित्रपटात ही घाई नीट जाणवत नाही. हॅथवेला पुढे त्रिएस्तला पोचायचं असतं.

गाडीत कुरियरवर हल्ला ही पटकथाकारांची कल्पनाशक्ती नव्हती. ५ फेब्रुवारी १९२६ रोजी मॉस्कोहून रिगाला जाणाऱ्या गाडीत, लॅटव्हियाच्या हद्दीत, थिओडोर नेट्टे हा सोव्हिएत कुरियर गोळीबारात मारला गेला. त्याचा जोडीदार योहान माखमास्ताल जखमी झाला, पण थैल्या हल्लेखोरांच्या हाती लागल्या नाहीत. मायाकोव्स्की या रशियन कवीची नेट्टेवरची कविता सोव्हिएत काळात प्रसिद्ध होती. कुरियर जोडीनं का पाठवायचे याचं याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही. एक झोपला की दुसरा जागा, एक जेवायला गेला की दुसरा थैलीपाशी, एकाला गोळी लागली की दुसऱ्याच्या हातात पिस्तूल. पेशवाईतल्या पत्रांत ‘जासूद जोडी’ रवाना केल्याच्या नोंदी येतात, तीही हीच काळजी. शीतयुद्धात पूर्व युरोपातल्या मार्गांवर अमेरिकी कुरियरही जोडीनं जात. केल्स मात्र एकटा हिंडतो, कारण एकटा नायक पडद्यावर शोभतो.

आता मूळ प्रश्न. चित्रपटाच्या सुरुवातीला निवेदकाचा आवाज आहे, टेलिप्रिंटर आहेत, सांकेतिक संदेश आहेत. हॅथवेनं १९४०च्या दशकात असे अर्ध-माहितीपट धाटणीचे गुन्हेपट बरेच केले होते आणि त्याचा हात इथे सरावलेला दिसतो. पण यंत्रावरून संदेश काही मिनिटांत समुद्रापार जात असेल तर बॅग घेऊन माणूस कशाला पाठवायचा? चित्रपट याचं उत्तर देत नाही, आणि खरं तर कुरियरच्या धंद्याचा गाभा तिथेच आहे.

कुरियर लागतो तो पहिल्यांदा गुप्तलिपीच्या किल्ल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्याशिवाय संदेश लपवता किंवा उलगडता येत नाही त्या साधनांसाठी. युद्धकाळात अमेरिकी परराष्ट्र खातं वापरत असलेल्या एका हाती पद्धतीत १०० पट्ट्यांचा संच असे. प्रत्येक पट्टीवर मुळाक्षरं वेगळ्या विस्कटलेल्या क्रमानं छापलेली. त्यातल्या ३० पट्ट्या त्या दिवसाच्या क्रमानं चौकटीत सरकवायच्या, संदेशाची अक्षरं एका ओळीत आणायची आणि दुसरी कुठलीही ओळ उतरवून घ्यायची. काम सावकाश, आणि एक पट्टी चुकीची बसली की प्रत्येक ओळीतलं तिच्या जागेचं अक्षर चुकतं. पट्ट्यांचे नवे संच प्रत्येक वकिलातीत पोचवायचे कसे? तारेनं पाठवता येत नाहीत, कारण तार ऐकणाऱ्यालाही किल्ली मिळेल. हातानंच न्यायला हव्यात.

टेलिप्रिंटरच्या पट्टीवर तर हा बोजा आणखी वाढला. या यंत्राचं प्रत्येक अक्षर पाच जागांच्या ओळीत असतं, प्रत्येक जागी भोक किंवा कोरं. संदेशाच्या पट्टीबरोबर यादृच्छिक, म्हणजे कुठलाही नियम नसलेल्या भोकांची दुसरी पट्टी चालवायची. दोन्हीकडे सारखं असेल तर कोरं, वेगळं असेल तर भोक. निघालेला मजकूर पाठवायचा. पलीकडे त्याच यादृच्छिक पट्टीची जुळी प्रत लावली की मूळ मजकूर परत मिळतो. पट्टी खरोखर यादृच्छिक असेल आणि एकदाच वापरली तर ही लिपी कुणालाही फोडता येत नाही. पण किल्ली संदेशाइतकीच लांब लागते. हिशेब सोपा आहे. मिनिटाला ६० शब्द, म्हणजे जागेसकट ३६० अक्षरं. पट्टीवर एका इंचात १० अक्षरं बसतात, म्हणजे मिनिटाला ३६ इंच. तासभर यंत्र चाललं तर १८० फूट, सुमारे ५५ मीटर पट्टी संपते. आठ तासांच्या पाळीला ४४० मीटर. ही सगळी वळकटी कुणीतरी बॅगेतून आणलेली असते आणि वापरून झाल्यावर ती जाळायची असते.

टंचाई आली की लोक पट्टी किंवा वही दुसऱ्यांदा वापरतात, आणि तिथेच घात होतो. दोन संदेशांना एकच किल्ली लागली तर ते दोन्ही एकमेकांत मिळवल्यावर किल्ली गळून पडते आणि उरतो दोन साध्या मजकुरांचा गुंता. तो धीरानं सोडवता येतो. १९४२मध्ये सोव्हिएत यंत्रणेनं एकदाच वापरायच्या वह्यांची काही पानं दोनदा छापली आणि अमेरिकी विश्लेषकांनी पुढे कित्येक वर्षं त्या चुकीवर काम करून जुने संदेश वाचले. हा चित्रपट लोक बघत होते तेव्हा ते काम चालूच होतं.

म्हणून कुरियरच्या थैलीतला बहुतेक माल नाट्यमय नसतो. तिच्यात किल्ल्या, लांबलचक अहवाल, नकाशे, यंत्रांचे सुटे भाग असतात. हाताला साखळीनं बांधलेली चामडी बॅग हेरपटांत शोभते, पण खऱ्या थैल्या कॅनव्हासच्या असतात, तोंड बांधून वर मोहर लावलेली असते, बाहेर लेबल आणि क्रमांक. संख्या एकीपासून गाडाभर. विमानानं जाताना कुरियर धावपट्टीवर उभा राहून सामानाच्या कप्प्याचं दार बंद होईपर्यंत बघत राहतो आणि उतरल्यावर ते दार उघडायच्या आधी तिथे हजर असतो. त्याच्या नोकरीचा मोठा भाग म्हणजे पावसात उभं राहून दाराकडे बघणं.

नियमांबद्दल एक भानगड लक्षात ठेवावी. आज ज्याचा दाखला दिला जातो तो राजनैतिक संबंधांवरचा व्हिएन्ना करार १९६१चा, आणि अमलात आला १९६४मध्ये. केल्सच्या वेळी परंपरा आणि परस्पर सोय यांवर काम चालत होतं. करारानं ती परंपराच कलम २७मध्ये लिहून काढली. थैली उघडायची नाही, अडवून ठेवायची नाही. तिच्यावर बाहेरून दिसेल अशी खूण हवी आणि आत फक्त कार्यालयीन कागद किंवा वस्तू हव्यात. कुरियरजवळ त्याचा दर्जा आणि थैल्यांची संख्या सांगणारा दाखला हवा. त्याला अटक करता येत नाही. तात्पुरता नेमलेला कुरियर असेल तर थैली पोचती केली की त्याचं हे संरक्षण संपतं. थैली विमानाच्या कप्तानाकडेही देता येते, पण त्यामुळे कप्तान कुरियर ठरत नाही. आकारावर आणि वजनावर मर्यादा कुठेच नाही, आणि लोकांनी त्याचा फायदा घेतला आहे.

१९६४च्या नोव्हेंबरमध्ये रोमच्या विमानतळावर कैरोला निघालेल्या इजिप्तच्या राजनैतिक टपालाच्या एका पेटीतून कण्हण्याचा आवाज आला. उघडली तर आत गुंगीचं औषध दिलेला माणूस. पेटीत माणूस बसवायची सोय मुद्दाम करून घेतलेली होती. ५ जुलै १९८४ला लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावर नायजेरियाचे माजी मंत्री उमारू डिक्को लाकडी खोक्यात सापडले. बरोबर त्यांना गुंगीत ठेवणारा डॉक्टर, शेजारच्या खोक्यात आणखी दोघे. ही खोकी कायदेशीररीत्या उघडता आली, कारण त्यांच्यावर नियमाप्रमाणे खूण आणि मोहर नव्हती, आणि कुरियरचा दाखलाही रीतसर नव्हता. अपहरण पार पाडणाऱ्यांनी कागदपत्रांत आळस केला, हे त्या प्रकरणातलं सगळ्यात शिकण्यासारखं. केल्सबाबतही तेच. त्याच्या हातात थैली नाही, दाखल्यावर आकडा नाही, आणि तो त्रिएस्तच्या नाइट क्लबात बायकांचा माग काढत हिंडतो. उद्या त्याला कुणी धरलं तर कुरियर म्हणून सोडवायचा मुद्दाच राहत नाही.

संरक्षण कागदावर कितीही असो, ते मानणारा समोर हवा. पुण्यात मुठेवरच्या म्हात्रे पुलावरून रोज हजारो लोक जातात. ते नाव रवींद्र म्हात्रे यांचं. बर्मिंगहॅममध्ये भारतीय कार्यालयात काम करणाऱ्या म्हात्रे यांना ३ फेब्रुवारी १९८४ला पळवलं गेलं आणि काश्मिरी फुटीरतावादी मकबूल भटच्या सुटकेची मागणी करणाऱ्यांनी काही दिवसांतच त्यांचा खून केला. घटना घडली ती सरहद्दीवर किंवा बोगद्यात नव्हे, इंग्लंडमधल्या शहरातल्या साध्या रस्त्यावर.

परत चित्रपटाकडे. स्टेशनवरचा प्रसंग माझ्या मते सगळ्यात चांगला बसवलेला आहे, आणि सगळी चूकही तिथेच सुरू होते. केर्यूच्या मागावर दोन माणसं आहेत, म्हणून तो मित्राला ओळख देत नाही. हे अगदी बरोबर. पाळत आहे अशी शंका आली की भेट रद्द, नजरसुद्धा द्यायची नाही. पण अशा भेटीला नेहमी दुसरी जागा आणि दुसरी वेळ आधी ठरलेली असावी लागते: इथे जमलं नाही तर दोन तासांनी अमुक ठिकाणी, तेही फसलं तर उद्या. केल्सजवळ असं काही नाही. तेव्हा त्यानं करायचं एकच होतं, फलाटावर थांबायचं, गाडी जाऊ द्यायची आणि वरिष्ठांना कळवायचं. तो गाडीत चढतो आणि पाठलागवाल्यांना आयतं दाखवून देतो की या दोघांचा संबंध आहे. केर्यूच्या मृत्यूला नायक किती जबाबदार, हा प्रश्न पटकथेनं हळूच गालिच्याखाली सारला आहे.

साल्झबुर्ग निवडण्यात मात्र जाणकारी आहे. ऑस्ट्रिया १९५५पर्यंत चार सत्तांच्या ताब्यात होता आणि साल्झबुर्ग अमेरिकी विभागात. पूर्वेकडून व्हिएन्नामार्गे येणाऱ्या गाडीला एन्स नदीवर सोव्हिएत विभागाची हद्द ओलांडावी लागे. जून १९५३पर्यंत तिथे ओळखपत्रं तपासली जात, आणि ऑस्ट्रियन लोकांचं ओळखपत्र त्यासाठी चार भाषांत छापलेलं असे. एन्स ओलांडली की सुटलो असं वाटावं अशी ती जागा. कार्प यांचा मृतदेह त्या हद्दीच्या पुष्कळ पश्चिमेला, अमेरिकी विभागात सापडला, म्हणून तर ती बातमी एवढी झोंबली.

त्रिएस्तची निवड त्याहून नेमकी. १९४७च्या पॅरिस तहानं इथे ‘मुक्त प्रदेश’ काढला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं त्याला गव्हर्नर द्यायचा होता. परिषदेचं एकमत झालं नाही आणि गव्हर्नर कधी आलाच नाही. अ विभाग, म्हणजे शहर आणि आसपासचा सुमारे २२२ चौरस किलोमीटर, ब्रिटिश आणि अमेरिकी लष्कराकडे राहिला. प्रत्येकी ५,००० सैनिकांची मर्यादा. ब विभाग युगोस्लाव्ह लष्कराकडे. शहराच्या पोलिसांची पांढरी शिरस्त्राणं एवढी नजरेत भरत की लोक त्यांना ‘चेरीनी’, म्हणजे मेणाच्या आगकाड्या म्हणत. जून १९४८मध्ये स्टालिननं युगोस्लाव्हियाच्या टिटोला कम्युनिस्ट देशांच्या संघटनेतून बाहेर काढलं. त्यानंतर सोव्हिएत आक्रमण खरंच होईल ही भीती बेलग्रेडमध्ये आणि वॉशिंग्टनमध्ये दोन्हीकडे होती. १९५२मध्ये प्रेक्षकाला कागदातला तो बेत अतिशयोक्ती वाटला नसणार. अमेरिकी नायक कम्युनिस्ट युगोस्लाव्हियाला वाचवायला जीव धोक्यात घालतो, ही त्या काळच्या हॉलिवूडमध्ये विरळ गोष्ट, आणि चित्रपट तिचा गवगवा करत नाही. ऑक्टोबर १९५४च्या लंडन करारानं अ विभाग इटलीकडे गेला. चित्रपटातलं त्रिएस्त राजकीय वस्तू म्हणून जेमतेम सात वर्षं टिकलं.

शेवटी कागद मायक्रोफिल्मच्या, म्हणजे फिल्मवरच्या इवल्याशा चित्राच्या रूपात घड्याळातून निघतो. हे कितपत शक्य? पुरतं शक्य, पण हात सावध हवा. अशा कामाचा मिनॉक्स हा छोटा कॅमेरा वॉल्टर झाप यानं रिगामध्ये काढला, उत्पादन १९३८पासून. युद्धानंतर तो जर्मनीत बनू लागला. त्याची फिल्म ९.२ मिलिमीटर रुंद, एका चित्राची चौकट ८ बाय ११ मिलिमीटर, एका डबीत ५० चित्रं. भिंगाचं केंद्रांतर १५ मिलिमीटर. २० सेंटिमीटरवरून काढलं तर चौकटीत साधारण १० बाय १३ सेंटिमीटरचा कागद मावतो. टंकलिखित पूर्ण पान हवं तर सुमारे ४० सेंटिमीटर दूर जावं लागतं. अंतर डोळ्यांनी मोजायचं नाही. कॅमेऱ्याला साखळी असते आणि तिच्यावर ठरावीक अंतरावर मणी. मणी कागदाला टेकवून साखळी ताणायची, सोडायची आणि मग बटण दाबायचं. साखळी मध्येच राहिली तर तिची सावली मजकुरावर पडते. पान २७ पट लहान झालं की २ मिलिमीटरचं अक्षर ०.०७ मिलिमीटरचं होतं. हात जरा हलला की ओळी चिखल होतात. भिंगाचं छिद्र कायम उघडं, म्हणून स्पष्टतेची खोली कमी, आणि कागदाला घडी पडलेली असेल तर तिच्या दोन्ही बाजू पुसट येतात.

घड्याळात लपवतानाच्या अडचणी वेगळ्या. त्या काळच्या पुरुषी मनगटी घड्याळाचा व्यास ३० ते ३५ मिलिमीटर, म्हणजे ८ बाय ११ची चौकट मागच्या झाकणाखाली आरामात मावते. पण आपोआप किल्ली भरणारं घड्याळ नको; त्यात मागच्या बाजूला फिरणारं वजन असतं, ते फिल्मला घासेल किंवा घड्याळच थांबवेल. हातानं किल्ली द्यायचं हवं. आट्यांचं झाकणही नको. ते पिळताना खालची फिल्म गोल फिरते आणि तिच्यावरचा चित्र धरणारा जिलेटिनचा थर खरवडतो. दाबून बसणारं झाकण बरं. चित्राची बाजू यंत्राकडे न ठेवता झाकणाकडे ठेवावी, नाहीतर तेलाचा थेंब मजकूर खातो. घाम आणि दमटपणा यांनी जिलेटिन फुगतं; पाण्यात पडलेल्या घड्याळातली फिल्म झाकणाला चिकटली की ओढून काढायची नाही, भिजवूनच सोडवायची.

नटांबद्दल दोन शब्द. नील विनोदी आणि विषारी यांच्यामधली दोरी झकास चालते. क्नेफच्या वाट्याला फक्त थकवा आणि संशय आला आहे, तरी ती लक्षात राहते. माल्डन शिरला की दृश्याचं तापमान वाढतं. नाइट क्लबमध्ये आर्थर ब्लेक नकला करतो, त्यात कार्मेन मिरांडा आणि बेटी डेव्हिस या नट्या ओळखू येतात. हा तुकडा कथेला काहीच देत नाही, पण कापला असता तर हळहळ वाटली असती. छायालेखन ल्युशियन बॅलार्डचं, संगीत सोल कॅप्लनचं. कम्युनिस्टविरोधी हेरपटाला संगीत देणारा हाच कॅप्लन पुढच्याच वर्षी कम्युनिस्ट हुडकणाऱ्या चौकशी समितीपुढे उभा राहिला आणि हॉलिवूडच्या काळ्या यादीत गेला. श्रेयनामावलीत नसलेले दोन चेहरे शोधायचे असतील तर त्रिएस्तमधल्या लष्करी पोलिसांकडे आणि सोव्हिएत हेरांच्या टोळक्याकडे बघावं. पहिल्यांत ली मार्विन आहे, दुसऱ्यांत चार्ल्स ब्रॉन्सन, तेव्हाचा बुचिन्स्की.